हरवलेल्यांचे तोतये

नकाशावर बँकॉक आणि मुंबई या दोन शहरांना जोडणारी सरळ रेघ ओढून पाहावी. बंगालचा उपसागर ओलांडून ती विशाखापट्टणमच्या आसपास किनाऱ्यावर चढते, तेलंगण पार करते आणि देगलूरजवळ महाराष्ट्रात शिरते. पुढे उदगीर आणि अहमदपूर यांच्या मधून, म्हणजे नांदेड उजव्या हाताला आणि लातूर डाव्या हाताला ठेवून, ती बीड-नगरकडे आणि तिथून सह्याद्रीकडे जाते. विमाने अशी रेघ काटेकोरपणे पाळत नाहीत. त्यांचे हवाई मार्ग ठरलेले असतात. तरीही पूर्वेकडून मुंबईला येणारी विमाने आमच्या मराठवाड्याच्या डोक्यावरून जात आली आहेत, आणि अंगणात बाज टाकून झोपणाऱ्या पिढ्यांनी चांदण्यांतून सरकणारा तो लुकलुकता दिवा पाहिला आहे. तो कुठून आला आणि कुठे पोचला, हे विचारण्याचे आपल्याला कधी कारण पडत नाही. दिवा क्षितिजापलीकडे जातो, आपण कूस बदलतो.

६ जुलै १९६२ च्या रात्री असेच एक विमान पूर्वेकडून मुंबईकडे येत होते. लातूर तेव्हा जिल्हादेखील नव्हता. उस्मानाबाद जिल्ह्यातला तो एक तालुका होता. आषाढाचे दिवस होते. विमान इटलीच्या अलितालिया कंपनीचे, डीसी-८ जातीचे. सिडनीहून निघून डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे थांबे घेत ते मुंबईला उतरणार होते आणि तिथून कराची, तेहरान, रोम असा त्याचा पुढचा प्रवास होता. त्यात ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी होते. मुंबईच्या नियंत्रण कक्षाशी त्याचे बोलणे चालू होते. मध्यरात्र उलटून दहाएक मिनिटे झाली आणि विमानाकडून उत्तर येईनासे झाले. पडण्यापूर्वी अर्ध्या-पाऊण तासापर्यंत ते आमच्याच आकाशाच्या आसपास असले पाहिजे. अवशेष मिळाले ते जुन्नरच्या डोंगराळ भागात, मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटर ईशान्येला. चौकशीच्या कागदांत त्या जागेचे नाव दावंड्याची टेकडी असे आले आहे. टेकडीचा माथा सुमारे ३,६०० फूट उंच. विमान आदळले ते माथ्याच्या अवघे पाचेक फूट खाली. ९४ पैकी कोणीही वाचले नाही.

या अपघाताची आठवण महाराष्ट्रात फारशी उरलेली नाही. त्याच्यावर कादंबऱ्या झाल्या नाहीत, त्याच्या कटाच्या कथा कोणी रचल्या नाहीत. याउलट, ८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान नाहीसे झाल्यापासून त्याच्याविषयी जगभर जेवढे लिहिले-बोलले गेले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या विमानाविषयी झाले असेल. दोन्ही प्रवासी विमाने, दोन्ही रात्रीची, दोन्ही बोलता बोलता गप्प झालेली. फरक एवढाच की एकाची टेकडी सापडली. हा फरक काय घडवून आणतो, हे पाहावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्या भाषेत अशा वस्तूला वा माणसाला 'बेपत्ता' म्हणतात. शब्द अर्थपूर्ण आहे. ज्याचा पत्ता नाही तो बेपत्ता. त्यात मृत्यूचा उल्लेख नाही, कारणाचा नाही, दोषाचाही नाही. फक्त जागा माहीत नाही, एवढेच सांगितले आहे. ठावठिकाणा, थांगपत्ता, माग हे आपले या प्रसंगाचे इतर शब्दही जागेभोवतीच फिरतात. माणूस हरवला की आधी 'कुठे' हे विचारायचे आणि मग 'का', हा क्रम भाषेने जणू ठरवूनच टाकला आहे. विमान हरवल्यावर मात्र हा क्रम उलटतो. 'कुठे' याचे उत्तर नसताना 'का' याची उत्तरे भराभर येऊ लागतात.

जुन्नरच्या अपघातात तसे होण्यास वाव राहिला नाही. चौकशीने काढलेला निष्कर्ष एका वाक्यात मावणारा आहे: वैमानिकाला आपण मुंबईच्या जितके जवळ आलो आहोत असे वाटले, तितके ते आलेले नव्हते, आणि म्हणून विमान वेळेपूर्वीच खाली आणले गेले. जागा निश्चित करण्यासाठी उपलब्ध असलेल्या साधनांचा उपयोग झाला नाही, सुरक्षित उंचीची मर्यादा ओलांडली गेली आणि वैमानिक या मुलखाशी परिचित नव्हता, अशी जोडकारणेही नोंदली गेली. बारकाईने पाहिले तर या निष्कर्षाचा अर्थ असा की जमिनीवरच्या माणसांना विमान हरवल्याचे कळण्याआधीच ते स्वतःला हरवले होते. आपण घाट उतरलो, अशी ज्याची समजूत झाली तो अजून घाटमाथ्यावरच होता.

हीच चूक एअर इंडियाच्या इतिहासात आल्प्सच्या एकाच शिखरावर दिसते. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला जाणारे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि ४८ माणसे गेली. २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वताच्या त्याच बाजूला 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ आदळले. तेही मुंबईहून निघालेले, तेही जिनिव्हाला उतरणारे. त्यातल्या ११७ जणांत डॉ. होमी भाभा होते. दुसऱ्या अपघाताविषयी फ्रेंच चौकशीने सांगितलेले कारण असे: विमानातले एक दिशादर्शक यंत्र बैरूतपासून नादुरुस्त होते, नियंत्रकाने रडारवर पाहून अंतर सांगितले, आणि त्या सांगण्यातून वैमानिकाची अशी समजूत झाली की शिखर मागे पडले आहे. ते पुढे होते. जुन्नरची टेकडी आणि आल्प्सचे शिखर यांच्यात उंचीचा फरक फार मोठा आहे. चुकीची जात एकच आहे.

तरीही 'कांचनजंगा'च्या वाट्याला जुन्नरच्या विमानाचे विस्मरण आले नाही. विमानात भाभा होते आणि भारताच्या अणुकार्यक्रमाकडे जगाचे लक्ष होते, हे एक कारण. दुसरे असे की अवशेष बर्फाच्या प्रदेशात विखुरले होते आणि हिवाळ्याने शोध पुढे चालू दिला नाही. जे हाती आले त्याहून जे हाती आले नाही ते अधिक. त्या रिकाम्या जागेत तर्क शिरले. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने भाभांना मारण्यासाठी विमानात बाँब ठेवला, हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय तर्क. त्याचा आधार म्हणजे एका माजी अधिकाऱ्याशी झाल्याचे सांगितले गेलेले संभाषण. इटलीच्या लढाऊ विमानाशी टक्कर झाली, असाही एक तर्क मांडला गेला. बर्फ मात्र आपल्या गतीने पुरावे देत राहिले. बोसाँ हिमनदी खाली सरकत राहते आणि पोटातले थोडे थोडे बाहेर टाकते. २०१२ मध्ये भारताच्या राजनैतिक टपालाची पिशवी मिळाली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू-माणकांची पेटी सापडली, ती त्याने प्रामाणिकपणे पोलिसांत दिली, आणि २०२१ मध्ये त्या रत्नांची त्याच्यात आणि शामोनी गावात वाटणी झाली. २०२० मध्ये इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी छापलेली वृत्तपत्रे बर्फातून वर आली. इंदिराबाईंनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली तो दिवस अपघाताचाच, २४ जानेवारी १९६६. ती वृत्तपत्रे ५४ वर्षे घडी न मोडता पडून होती. यांपैकी एकाही वस्तूने बाँबच्या कथेला दुजोरा दिलेला नाही. कथा मात्र थांबलेली नाही.

ती का थांबत नाही, हे समजून घ्यायला मराठी वाचकाला आल्प्सपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या इतिहासात त्याचे फार नेमके उदाहरण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. रणात पडलेले एक प्रेत अंगावरच्या खुणा पाहून भाऊंचे म्हणून ओळखले गेले, अशी हकिकत काशिराज पंडिताने लिहून ठेवली आहे. पण ही ओळख पुण्यापासून शेकडो कोस दूर, परक्यांच्या छावणीत पटलेली. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. १७८३ मध्ये देह ठेवीपर्यंत त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. आणि काही वर्षांतच 'मी भाऊ' म्हणणारा एक इसम उभा राहिला. चौकशीत तो बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण ठरला, कैदेत पडला. १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटताच कोकणातले किल्ले त्याच्या हाती जाऊ लागले आणि हजारो माणसे त्याच्या मागे गेली. अखेर तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली.

तोतयाच्या मागे गेलेली ती माणसे सगळीच भोळी होती, असे मानण्याचे कारण नाही. काहींचा स्वार्थ होता, काहींना पेशव्यांच्या कारभाऱ्यांवर राग होता. पण बहुतेकांना पानिपताचा शेवट त्या रीतीने झालेला नको होता. तोतया त्यांना चेहऱ्याने पटला असेल-नसेल. तो त्यांच्या इच्छेला पटला. आमच्या मते हरवलेल्या विमानांविषयीचे बरेचसे 'सिद्धान्त' या जातीचे आहेत. ते हरवलेल्याचे रूप घेऊन येतात, त्याच्याविषयी दोन-चार खऱ्या खुणा बरोबर सांगतात आणि घरच्यांची ओढ व बाहेरच्यांचा संशय या दोन्हींवर पोसतात. त्यांची परीक्षा एकच: ज्या खुणा तोतयाने स्वतः सांगितलेल्या नाहीत, त्या त्याच्या अंगावर आहेत का?

मुंबईकरांनी अशी एक परीक्षा फार जवळून पाहिली आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईला निघालेले एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे जंबो जेट उड्डाणानंतर १०१ सेकंदांत वांद्र्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात पडले. २१३ माणसे गेली. पहिला संशय घातपाताचा आला, आणि तो येणे स्वाभाविक होते. पण तिथला समुद्र उथळ होता. सांगाडा मिळाला, ध्वनिमुद्रण मिळाले, आणि वेगळीच गोष्ट समोर आली. विमानाचा कल दाखवणारे कप्तानापुढचे उपकरण बिघडले होते. बाहेर काळोख आणि खाली पाणी, त्यामुळे डोळ्यांना क्षितिज नव्हते. खोट्या काट्यावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलंडत नेले गेले. घातपाताचा तोतया समुद्रातून वर आलेल्या लोखंडापुढे टिकला नाही.

एमएच ३७० च्या बाबतीत असे लोखंड हाताशी नव्हते. विमान बोइंग ७७७ जातीचे, आत २३९ माणसे. त्यांत पाच भारतीय होते, आणि त्यांच्यात मराठी घरांतली माणसेही होती. रात्री १२ वाजून ४२ मिनिटांनी ते उडाले, १ वाजून १९ मिनिटांनी कप्तानाच्या कक्षातून निरोपाचे शेवटचे शब्द आले आणि दोनच मिनिटांत ते नियंत्रकांच्या पडद्यावरून पुसले गेले. लष्करी रडारवर मात्र ते आणखी तासभर दिसत होते: उलटे वळून मलेशियाचा द्वीपकल्प ओलांडताना, मग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वायव्येला जाताना. ही नोंद वेळेवर उपयोगात आली नाही. पहिले काही दिवस जहाजे आणि विमाने दक्षिण चीन समुद्र चाळत राहिली, जिथे विमान नव्हतेच. पुढे शोध अंदमानच्या समुद्रात आला तेव्हा भारतीय नौदल आणि हवाई दलही त्यात उतरले.

याच दिवसांत तोतयांची पहिली फळी आली. दोन प्रवासी चोरीच्या पारपत्रांवर चढले होते, असे कळले आणि दहशतवादाचा निष्कर्ष निघाला. तपासाअंती ते दोघे युरोपात आश्रय शोधणारे इराणी तरुण निघाले. कोणी विमान मध्य आशियात उतरवले, कोणी दिएगो गार्सियाच्या तळावर. मालदीवच्या एका बेटावरच्या लोकांनी ते खाली उडताना पाहिल्याचे सांगितले. एका खासगी संस्थेने बंगालच्या उपसागराच्या तळाशी सांगाडा असल्याचा दावा केला. बांगलादेशच्या नौदलाने जागेवर जाऊन पाहिले, काही नव्हते. सामानातल्या २२१ किलो लिथियम बॅटऱ्यांना आग लागली, असा एक तर्क. आणि मुख्य वैमानिकानेच हे केले, असा दुसरा. वैमानिकाच्या घरच्या सराव-यंत्रात दक्षिण हिंदी महासागराकडे जाणारे काही बिंदू सापडले, ही खूण खरी आहे. तिचा अर्थ काय, हे तिच्याने ठरत नाही. जो माणूस स्वतःची बाजू मांडायला उरलेला नाही, त्याच्यावर २३८ माणसांच्या हत्येचा आरोप एवढ्यावर सिद्ध मानणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. मलेशियाच्या चौकशी पथकाने जुलै २०१८ च्या अंतिम अहवालात कारण निश्चित करता येत नसल्याचे मान्य केले आणि विमान हाताने वळवले गेले असावे, तिसऱ्या कोणाचा हस्तक्षेपही नाकारता येत नाही, एवढेच म्हटले. अहवालाची ही कंजुषी अनेकांना खटकली. ती पंचनाम्याची कंजुषी आहे: दिसले तेवढेच लिहायचे.

जे दिसले ते कसे दिसले, ही या साऱ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण बाब आहे. विमानातले एक यंत्र इनमारसॅट कंपनीच्या उपग्रहाशी अधूनमधून संपर्क साधत होते. त्या देवघेवीत मजकूर नव्हता. 'आहेस का' या प्रश्नाला 'आहे' असे उत्तर, एवढेच. पहाटे २ वाजून २५ मिनिटांपासून सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत या नोंदी होत राहिल्या. हाक जाऊन उत्तर यायला किती वेळ लागला, यावरून विमान उपग्रहापासून किती दूर होते ते निघते. खुंटीला दोर बांधून बैल चरायला सोडला आणि दोर ताणलेला असला, तर बैल कुठे आहे ते सांगता येत नाही, पण खुंटीभोवतीच्या कोणत्या वर्तुळावर आहे ते सांगता येते. तसे हे वर्तुळ. त्यांतले शेवटचे 'सातवा चाप' म्हणून प्रसिद्ध आहे. विमान उत्तरेच्या चापावर होते की दक्षिणेच्या, हा पुढचा प्रश्न. पूर्णा जंक्शनवर उभ्या असलेल्या माणसाला जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी आणि लांब जाणारीची उतरती ऐकू येते; लहरींतला तोच फरक मोजून उत्तर मिळाले: दक्षिण. २४ मार्च २०१४ रोजी मलेशियाच्या पंतप्रधानांनी विमानाचा प्रवास दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचे जाहीर केले. भूमीपासून दूर, जिथे विमानाला उतरायला जागाच नाही अशा पाण्यात.

नातेवाईकांपैकी अनेकांनी हे मानले नाही. आम्हांला त्यांना दोष देता येत नाही. गणिताने त्यांना एक चाप दिला होता. चापावर कोणी फूल वाहू शकत नाही.

मग सुरू झाला तो शोध. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ यंत्रांनी तपासला गेला. हा आकडा समजावा म्हणून सांगतो: आमच्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचे क्षेत्रफळ सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर आहे. नांदेडच्या माहूरपासून बीडच्या आष्टीपर्यंत सगळा मुलूख चार किलोमीटर पाण्याखाली आहे, वर वादळी लाटा आहेत आणि एका विमानाचे तुकडे शोधायचे आहेत, असे धरले तरी हे काम जवळपास त्याच्या दुप्पट झाले. या शोधात एकोणिसाव्या शतकातली बुडालेली जहाजे सापडली, कोणी कधी न पाहिलेले डोंगर आणि दऱ्या नकाशावर आल्या. विमान सापडले नाही. १७ जानेवारी २०१७ रोजी काम थांबवण्यात आले. त्याच वर्षीच्या शेवटच्या अहवालात ऑस्ट्रेलियाच्या तपासकांनी लिहिले की आजच्या काळात एवढे मोठे प्रवासी विमान नाहीसे व्हावे हे जवळपास कल्पनेपलीकडचे आहे आणि समाजाला ते मान्य होण्यासारखे नाही. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी या कंपनीने आणखी १,१२,००० चौरस किलोमीटर तपासले. तेही व्यर्थ गेले. मार्च २०२५ मध्ये मलेशिया सरकारने त्याच कंपनीशी १५,००० चौरस किलोमीटरसाठी नवा करार केला: सापडले तर ७ कोटी डॉलर, न सापडले तर काहीच नाही. हवामानामुळे तो शोध एप्रिलमध्ये थांबला आणि ३० डिसेंबर २०२५ पासून तो पुन्हा सुरू करण्याचे जाहीर झाले.

पहिली खरी खूण समुद्राने आपणहून दिली. २९ जुलै २०१५ रोजी रेयुनियाँ बेटाच्या किनाऱ्यावर साफसफाई करणाऱ्यांना विमानाच्या पंखाचा एक भाग मिळाला. आतल्या भागांवरच्या क्रमांकांवरून तो याच विमानाचा असल्याचे ठरले. पुढे मादागास्कर, मोझांबिक, टांझानिया, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका अशा किनाऱ्यांवर आणखी तुकडे मिळाले. काही निश्चित त्याच विमानाचे, काही बहुधा त्याचे. महासागराचे प्रवाह दक्षिणेच्या चापापासून तिकडेच वाहतात. काशिराजाने ज्या अर्थाने अंगावरच्या खुणा लिहिल्या, त्या अर्थाच्या या खुणा आहेत. मध्य आशियातले धावपट्ट्यांचे आणि लष्करी तळांचे तोतये त्या दिवशी खोटे ठरले. तरी ते मेले मात्र नाहीत.

सगळेच तर्क तोतये असतात, असा आमचा दावा नाही. लातूरच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली, जवळपास दहा हजार माणसे गेली. त्याच्या वर्षभर आधीपासून तिथे जमीन हादरत होती, गूढ आवाज येत होते. भूकंपानंतर माकणीच्या लोअर तेरणा धरणातल्या पाण्यामुळे तो झाला का, हा प्रश्न जाणत्यांनीच विचारला. धरणातल्या पाण्याची पातळी, धक्क्यांच्या नोंदी, भूगर्भातले थर यांच्या कसोटीला तो लावला गेला आणि त्यावर साधकबाधक चर्चा झाली. तोही एक सिद्धान्तच. पण आपण खोटे कसे ठरू, हे तो स्वतः सांगत होता. तोतया ते कधीच सांगत नाही. त्याला कैदेत टाकले तर तो म्हणतो, मी खरा म्हणूनच मला कैद केले.

किल्लारीच्या दुःखाला आणखी एक गोष्ट होती, जी हरवलेल्या विमानाच्या दुःखाला नाही: ढिगारा डोळ्यांपुढे होता. माणूस कुठे आहे हे घरच्यांना ठाऊक होते. ज्यांना ते ठाऊक नसते त्यांच्यासाठी माणसाने मुदती ठरवून ठेवल्या आहेत. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल करारानुसार भरपाईचा दावा दोन वर्षांत लावावा लागतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १०८ व्या कलमाने सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर टाकला. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने ती मुदत कायम ठेवली. धर्मशास्त्राने परदेशी गेलेल्याची बारा वर्षे वाट पाहायला सांगितली, आणि नंतर पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी देण्याचा पालाशविधी दिला. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या ठेवली. एमएच ३७० ची दोन वर्षे मार्च २०१६ ची, सात वर्षे मार्च २०२१ ची, बारा वर्षे मार्च २०२६ ची. कायदा आणि धर्म दोघांनीही जाणले होते की वाट पाहण्याला कुठे तरी काठ असावा लागतो. पळसाच्या पानांचा तो पुतळा खोटा आहे, हे करणाऱ्यालाही माहीत असते. म्हणूनच तो तोतया ठरत नाही. तो भाऊ असल्याचा दावा करीत नाही. भाऊ आले नाहीत, एवढे तो कबूल करतो.

विमानांच्या दुनियेनेही आपली कबुली दिली आहे. एमएच ३७० च्या उड्डाण-नोंदयंत्रावरील पाण्याखाली आवाज देणाऱ्या उपकरणाच्या बॅटरीची मुदत डिसेंबर २०१२ मध्येच संपली होती, हे चौकशीत उघड झाले. अशा उपकरणांनी ३० ऐवजी ९० दिवस हाक देत राहावी, असा नियम पुढे झाला. नोव्हेंबर २०१८ पासून महासागरावरून जाणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानांचे स्थान दर १५ मिनिटांनी तरी कंपनीला कळत राहावे, असे आंतरराष्ट्रीय मानक लागू झाले. या नियमांत कोणाच्या गुन्ह्याचा उल्लेख नाही, कोणाच्या कटाचा नाही. विमान कुठे आहे एवढेच त्यांना हवे आहे.

म्हणून वाटते की शोधाला 'आता काय उपयोग' असे विचारणाऱ्यांनी जुन्नरच्या टेकडीचा विचार करावा. तिथे कोणाला वाचवता आले नाही. पण ९४ घरांना एक जागा सांगता आली, आणि तिथून परत न आलेल्या माणसांविषयी कोणाला काही रचावे लागले नाही. त्या अपघाताचे विस्मरण झाले याचे सुरुवातीला आम्हांला वाईट वाटले होते. लिहिता लिहिता असे दिसते की विसरले जाणे हेसुद्धा सापडलेल्यांच्याच वाट्याला येते. दक्षिण हिंदी महासागराच्या तळाशी जे आहे, ते अजून त्या विश्रांतीची वाट पाहत आहे.

आमच्या गावांवरून रात्रीचे दिवे अजून जातात. आता अंगणात झोपणारे थोडे, आणि हातातल्या फोनवर त्या दिव्याचे नाव, उंची आणि मुक्काम पाहता येतो. तरी तो क्षितिजापलीकडे गेला की आपण कूस बदलतो, ते तो कुठे तरी पोचेल आणि तिथे त्याची नोंद होईल, या भरवशावर.